ताडकळसच्या म्हशीचा ताप

"मी बघतो" हे दोन शब्द मी पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत किमान लाखभर वेळा उच्चारले असतील, आणि त्यांतल्या एकाही वेळी काही बघितलेलं मला आठवत नाही. बघणं हे त्या शब्दांचं कामच नव्हे. समोरचा अर्जदार उठून जावा आणि जाताना त्याला वाईट वाटू नये, एवढ्यासाठी ते असतात. साऱ्या जिल्ह्याला हे ठाऊक आहे. माझी नात सुकेशनी मात्र पुण्यात वाढलेली. तिनं शब्दकोशातला अर्थ धरला आणि माझ्या निवृत्त आयुष्यातली पहिली खरीखुरी जबाबदारी माझ्या अंगावर येऊन पडली.

झालं असं. सुकेशनी पुण्याला अ‍ॅनिमेशन शिकते. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक फिल्म करायची असते. तिनं सहा मिनिटांची फिल्म घेतली: ताडकळसच्या आठवडी बाजारात विकायला नेलेली एक म्हैस दावं तोडून एकटीच घरी चालत येते. एवढंच. म्हैस बोलत नाही, गात नाही. मला ही गोष्ट फार आवडली, पण माझ्या आवडीवर माझा विश्वास नसल्यामुळे मी "बरी आहे" म्हणालो.

फिल्म जवळजवळ झाली होती. शेवटची चाळीस सेकंदं उरली होती. त्यात म्हैस अगदी जवळ येते, उन्हात उभी राहते आणि तिच्या अंगावरचा केस न केस दिसतो. चाळीस सेकंदं म्हणजे नऊशे साठ चित्रं, आणि प्रत्येक चित्र कॉम्प्युटरनं हिशेब करून रंगवायचं. एका चित्राला वीस मिनिटं. मी कागदावर गुणाकार केला, मग खात्री वाटेना म्हणून उलट भागाकार केला. तेरा दिवस आणि वर काही तास. हातात होते सोळा दिवस. वसतिगृह सुट्टीसाठी बंद झालं होतं, म्हणून ती कॉम्प्युटर उराशी धरून रेल्वेनं परभणीला आली होती. फिल्म वेळेत गेली नाही तर वर्ष वाया जाणार होतं, आणि हैदराबादच्या एका स्टुडिओनं "फिल्म पुरी करून दाखव, मग बोलू" असं सांगितलं होतं, तेही जाणार होतं.

वीस मिनिटांवर वेळ आणण्यासाठी तिनं प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला होता. म्हणजे कारखान्यानं नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं त्याला कामाला लावलं होतं. ही कल्पना मला दोनदा समजावून घ्यावी लागली. नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं काम करणारं काही मी सरकारी नोकरीत पाहिलेलं नव्हतं, आणि कुणी केलंच असतं तर ते तापून बंद पडलं असतं याबद्दल मला शंका नव्हती. पुण्यात हा प्रोसेसर निभावून नेत होता. परभणीत वैशाख चालू होता आणि बाहेर चव्वेचाळीस अंश होते. पहिल्याच दुपारी तो शंभर अंशांना टेकला आणि तीन वेळा बंद पडला. बंद पडत नसे तेव्हा जीव वाचवायला स्वतःहून हळू चाले, आणि वीस मिनिटांच्या चित्राला पस्तीस मिनिटं लावी.

"आबा, याला मोठं कूलिंग लागणार," सुकेशनी म्हणाली. "एक एअर असतं, एक लिक्विड. कोणतं घ्यायचं हे वाचत बसायला मला वेळ नाहीये."

"मी बघतो," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे अशा विश्वासानं पाहिलं की मला लगेच घाम फुटला.

वाचन ही एकच गोष्ट मला येते. मी झेरॉक्सच्या दुकानातून ऐंशी पानं छापून आणली, टॅग लावून फाइल केली आणि दोन दिवस वाचली. थोडक्यात सांगायचं तर एअर कूलिंगमध्ये प्रोसेसरच्या डोक्यावर धातूच्या पत्र्यांचा एक मनोरा बसवतात आणि पंख्यानं त्यावर वारा घालतात. लिक्विडमध्ये एक छोटा पंप नळ्यांतून द्रव फिरवतो. तो प्रोसेसरची उष्णता उचलतो आणि दूर बसवलेल्या रेडिएटरमध्ये नेऊन सोडतो. हवा साधी आणि भरवशाची. पाणी जास्त थंड, पण गळण्याची भीती. प्रत्येक लेख अर्ध्यापर्यंत हवेची बाजू घेई, उरलेल्या अर्ध्यात पाण्याची, आणि शेवटी म्हणे, "आपल्या गरजेनुसार निवड करावी." हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. मी स्वतः शेकडो पत्रांच्या शेवटी "नियमानुसार उचित कार्यवाही व्हावी" असं लिहिलेलं आहे. लिहिणाऱ्याला काही माहीत नसलं की ते लिहितात.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो होतो. तिथेच चूक झाली. आमच्या गल्लीत माणूस फाइल घेऊन ओट्यावर बसला की तो सल्ला मागायलाच बसला असं धरतात.

प्रथम शेजारचे तात्याराव आले. तात्याराव एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षांत एकही अपघात नाही, आणि हे ते दर भेटीत सांगतात.

"जय भीम, भाऊसाहेब. काय गरम व्हायलंय म्हनं तुमच्याकडं? इंजन का गिअरबॉक्स?"

"प्रोसेसर," मी म्हणालो. "म्हणजे... इंजनच म्हणा."

"मग इचार कशाचा करायलाव? पाणी! इंजन हाय म्हनल्यावर रेडिएटर आला. जिंतूरच्या घाटात साठ मानसं घेऊन गाडी चढवायची, ती काय फुंकर मारून थंड केली का मी?"

"बारा बार उकळली होती तुमची गाडी त्या घाटात," असं म्हणत बालाजी आला. बालाजीचं कोपऱ्यावर पत्र्याच्या कूलरचं दुकान आहे. अर्धी परभणी उन्हाळ्यात त्याच्या कूलरच्या वाऱ्यावर झोपते. "काका, तुमी यांचं ऐकू नका. करंटच्या वस्तूत पाणी घालतेत का कुठं? हवा पायजे. निस्ती हवा न्हाई, गवतातून गाळून आलेली थंड हवा. मी कूलर लावून देतो, मशीन सोडा, तुमी बी गारठताल."

"तुझ्या कूलरनं पेपर भिजतो माझा," तात्याराव म्हणाले.

"पेपर खिडकीत कोन धरतंय?"

समोरच्या सरजाबाई निवडायला घेतलेलं सूप घेऊनच रस्ता ओलांडून आल्या. "ओलं पोतं गुंडाळा त्याला," त्या म्हणाल्या. "आमच्या रांजनाला गुंडाळलंय. बर्फावानी पाणी." मी नम्रपणे सांगितलं की कॉम्प्युटरला ओलं पोतं चालत नाही. त्यांना ते लागलं. "रांजनाला चालतंय आन तुमच्या डब्याला चालत न्हाई व्हय," म्हणत त्या गेल्या आणि चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन तट पडले. पाणीवाले आणि हवावाले. मेडिकलवाला हवेत गेला, पिठाची गिरणी पाण्यात. विहारात वंदनेनंतर दोन माणसं माझ्याकडे बघून कुजबुजली. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय. मला नेहमी तसंच वाटतं. पण ते "साहेबांचं काय ठरलं" एवढंच विचारत होते. माझं काही ठरलेलं नव्हतं. मी फाइलवर एक टिपणी लिहिली होती आणि खाली "निर्णयार्थ सादर" असं लिहून थांबलो होतो. कुणाला सादर, हे सुचत नव्हतं. घरात माझ्या वरचा अधिकारी एकच, माझी बायको सुलाबाई. आणि तिनं फाइल उघडून न बघताच तिच्यावर भाजीची पाटी ठेवली.

शेवटी निर्णय माझा अपमान झाल्यामुळे झाला. दुसऱ्या सकाळी तात्याराव भर गल्लीत म्हणाले, "अवो, हे पाटबंधारे खात्यातले. जल्मभर पाण्याची नोकरी केली आन आता पाण्यालाच भ्यायलेत!"

वास्तविक मी आयुष्यात एकदाही कालव्याचं दार उघडलेलं नाही. मी आवक-जावक पाहत असे. पण तीस माणसं हसली आणि माझ्या निवृत्त छातीत काहीतरी उसळलं. मी घरात गेलो आणि चष्मा पुसून, सुकेशनीच्या देखत, लिक्विड कूलर मागवला. बटणही दाबलं मीच.

पार्सल दोन दिवसांत परभणीत आलं आणि कुरिअरच्या ऑफिसात अडकलं.

"आजोबा, डब्यावर लिक्विड लिहिलंय," तिथली वैष्णवी नावाची मुलगी म्हणाली. ती फार नम्र होती. "लिक्विड म्हटलं की सिस्टीम विचारते. पिण्याचं आहे का?"

"नाही."

"पेट घेणारं?"

"नाही," मी म्हणालो, आणि मग माझ्या स्वभावानं घात केला. "नसावं."

"नसावं म्हणालात तर मला वर विचारावं लागेल."

सुकेशनीनं नंतर मला विचारलं, "आबा, नुसतं नाही म्हणता आलं नसतं का?" आलं असतं. पण मी तो डबा उघडून पाहिला नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ठामपणे बोलायला माणूस वेगळा लागतो.

वरून उत्तर आलं की स्टॅम्प पेपरवर हमीपत्र द्यावं. इथं मात्र मी सावरलो. अर्ज, हमीपत्र, प्रतिज्ञापत्र ही माझी जमीन. मी कोर्टाबाहेर लिंबाखाली बसणाऱ्या सूर्यभान टंकलेखकाकडे गेलो. त्याच्याजवळ लॅपटॉप होता आणि त्यात तीन नमुने होते: मृत्युपत्र, वाटणीपत्र आणि सामाईक विहीर.

"पाण्याचं हाय ना?" सूर्यभान म्हणाला. "मग विहिरीचंच चालतंय. नावं बदलून देतो."

"अहो, पण हे यंत्रातलं..."

"साहेब, पाणी ते पाणी. बसा तुमी."

मी सही करण्यापूर्वी वाचलं. त्यात असं होतं: "सदर द्रवामध्ये माझ्या भाऊबंदांचा कोणताही हक्क, हिस्सा वा वहिवाट नसून, पाळीपाळीने उपसा करण्याबाबत भविष्यात तक्रार करणार नाही. सदर द्रवाकडे जाण्या-येण्याचा रस्ता पूर्वापार खुला आहे." मी दुरुस्ती सुचवणार होतो, पण मागे मृत्युपत्रवाले दोन जण उभे होते आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाई असावी असं दिसत होतं. मी सही केली. कुरिअरच्या ऑफिसात वैष्णवीनं ते वाचून "इतकं व्यवस्थित कुणी देत नाही हो आजोबा" म्हणत पार्सल सोडलं. या सगळ्यात आणखी दोन दिवस गेले. सुकेशनीनं दाराच्या मागे लावलेल्या कागदावर उरलेल्या दिवसांचा आकडा खोडून नवा लिहिला: नऊ.

डबा उघडला तेव्हा रेडिएटर कॉम्प्युटरच्या पेटीपेक्षा लांब निघाला. हे ऐंशी पानांत कुठेतरी होतं. मी ते पान वाचलंही होतं, खाली पेन्सिलीनं रेघसुद्धा मारली होती. फक्त पेटी मोजली नव्हती. मी खाली मान घालून उभा राहिलो. तात्याराव, जे सकाळपासून "फिटिंगला मी लागंल" म्हणून येऊन बसले होते, त्यांनी रेडिएटर हातात फिरवून पाहिला.

"लहानसा हाय, पर हाय रेडिएटरच," ते मायेनं म्हणाले. "भाऊसाहेब, आत न्हाई बसला तर भाईर बसवायचा. रेडिएटर मोहरं असतो गाडीला, वारा खात. पोटात घालून ठेवतेत का?"

वारा म्हटल्यावर बालाजीला बोलावणं भाग होतं. तो आला, त्यानं पेटीच्या बाजूचा पत्रा काढला, नळ्या बाहेर घेतल्या आणि रेडिएटर आपल्या कूलरच्या तोंडाशी पत्र्याच्या पट्ट्यांनी आवळून टाकला. तात्यारावांनी हवेला पहिल्यांदा मान्यता दिली. बालाजीनं पाण्याला. दोघांनी एकमेकांना तंबाखू दिली. मी बाजूला फाइल धरून उभा होतो. माझ्या हातून दोन पक्षांचा समेट घडला होता आणि त्यासाठी मला एक शब्दही बोलावा लागला नव्हता.

सुकेशनीनं यंत्र सुरू केलं. आम्ही सगळे पडद्यावरच्या आकड्याकडे पाहत राहिलो. सत्तर. बहात्तर. बहात्तर. बहात्तर.

"लागली टॉप गिअरला," तात्याराव म्हणाले.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत प्रतिष्ठेचे दिवस होते. लोक बघायला येत. मी त्यांना द्रवाचा प्रवाह, उष्णतेचं वहन वगैरे समजावून सांगे. एकानं मला "इंजिनीअरसाहेब" म्हटलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही. तसा मी अप्रामाणिक माणूस नाही, पण त्या दिवशी माझा घसा बसला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता पाणी संपलं.

आमच्या नळाला पाणी येण्याचा दिवस अजून लांब होता, आणि बालाजीचा कूलर वैशाखात तासाला बादली पितो. तीन दिवस, तीन रात्री आम्ही त्याला अखंड पाजत होतो. आधी मोरीजवळची टाकी संपली, मग अंगणातलं पिंप. माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण माझं सगळं लक्ष पडद्यावरच्या बहात्तरवर होतं. ज्या खात्यात मी उभा जन्म काढला, तिथं कालव्याच्या शेवटच्या टोकाला टेल म्हणतात, आणि टेलच्या शेतकऱ्यांचे "पाणी पोचत नाही" असे अर्ज मी वर्षानुवर्षं फाइल केले. आता माझ्याच घरात मी स्वयंपाकघराला टेलवर नेऊन बसवलं होतं.

"ओ इंजिनीअरसाहेब," सुलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. ती मला रागात असल्याशिवाय साहेब म्हणत नाही. "भांडे काय फाइलीनं पुसू का?"

कोरडा पडलेला कूलर गरम वारा ओकू लागला. तो वारा रेडिएटरमध्ये, रेडिएटरचा द्रव प्रोसेसरमध्ये. ऐंशी. नव्वद. अठ्ठ्याण्णव. मग पडदा काळा झाला. सुकेशनीनं कूलर बाजूला केला, यंत्र पुन्हा लावलं, आणि ते कण्हत पस्तीस मिनिटांना एक चित्र काढू लागलं.

तिनं हिशेब केला. मी पण केला, दोन्ही बाजूंनी. पावणेतीनशे चित्रं झाली होती. जवळजवळ सातशे उरली होती. या गतीनं सतरा दिवसांचं काम, आणि दाराच्या मागच्या कागदावर आकडा होता पाच.

"राहू दे आबा," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत." तिचा आवाज अगदी साधा होता, आणि त्यानंच मला जास्त लागलं. रागावली असती तर मी काहीतरी स्पष्टीकरण दिलं असतं. मी खुर्चीत बसलो आणि मनात म्हणालो की सिद्धोधनराव, तुम्ही "मी बघतो" म्हणून नेहमीप्रमाणे काही बघितलं नसतंत, तर या पोरीनं आपलं आपण बघून घेतलं असतं.

तेवढ्यात सुलाबाई आपली बादली परत न्यायला खोलीत आली. गेले अकरा दिवस ती या खोलीत फक्त आमचं जेवणाचं ताट ठेवायला येत होती. तिनं बादली उचलली, वळली, आणि पडद्यासमोर थांबली. पडद्यावर म्हैस उभी होती, जवळून, उन्हात, केसांनी भरलेली.

"हे कोन्त्या महिन्यातलं हाय?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यातलं, आजी. मे महिना."

"आन ताडकळसच्या बाजारात न्यायलेत हिला? इकायला?"

"हो."

"मंग भादरली न्हाई का कुनी?"

सुकेशनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"अगं," सुलाबाई बादली खाली ठेवत म्हणाली, "उन्हाळ्याच्या तोंडाला म्हैस भादरतेत. सगळे केस काढतेत वस्तऱ्यानं. एवढे केस अंगावर ठिवले तर दम लागून मरंल की ती. आन बाजारात न्यायची म्हनल्यावर तर आधी भादरायची, घासून धुवायची, मंग न्यायची. माझा बाप बोरीला लोकायच्या म्हशी राखायचा. मी काय कमी म्हशी धरल्या का भादरताना? हे काय, अस्वल केलंस तू तिचं."

अस्वलच होतं ते. सुकेशनीनं मग कबूल केलं. केस कसे करायचे हे ती एका परदेशी अस्वलावरून शिकली होती, आणि ते अस्वल तिनं जसंच्या तसं म्हशीच्या अंगावर पांघरलं होतं. बारा लाख केस. प्रत्येक केसावर पडणारं ऊन, प्रत्येक केसाची सावली, यांचा हिशेब करता करता प्रोसेसर शंभर अंशांना जात होता. मी नोकरीत असताना ताडकळसला कित्येकदा बाजाराच्या दिवशी गेलो आहे. पण मी जुन्या पुस्तकांच्या गाड्यापाशी उभा असे. म्हशी माझ्या पाठीमागे असत.

"आजी," सुकेशनी हळूच म्हणाली, "केस काढले तर..."

"तर गार वाटंल तिला," सुलाबाई म्हणाली आणि बादली घेऊन गेली.

सुकेशनीनं बसल्या जागी म्हैस भादरली. डोक्यावर, कानांच्या आत आणि शेपटीच्या टोकाला तेवढे केस ठेवले. तेही सुलाबाईला स्वयंपाकघरात ओरडून विचारून. खाली काळी, तुकतुकीत, सुरकुतलेली कातडी निघाली. चाचणीचं एक चित्र लावलं. मी घड्याळ धरलं. चार मिनिटं. मी घड्याळ हलवून कानाशी लावलं. चारच. ओव्हरक्लॉक काढून टाकला तरी पावणेपाच. पडद्यावरचा आकडा अठ्ठावन्नच्या वर जाईना. बारा लाख केसांबरोबर हवा आणि पाणी हा सगळा वादच गळून पडला होता. तात्याराव आणि बालाजी बातमी ऐकून आले. "इंजनावरचा लोड कमी केल्ता की न्हाई मग," तात्याराव म्हणाले, जणू हे ते पहिल्यापासून सांगत होते.

तिनं ओव्हरक्लॉक ठेवला आणि नऊशे साठच्या नऊशे साठ चित्रं पुन्हा पहिल्यापासून लावली. तीन दिवसांच्या आत होणार होती. पाच हातात होते. मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेतीनशेच्या वर चित्रं झाली होती. सुकेशनीनं तेवढी जोडून आजीला दाखवली. सुलाबाई मनापासून बघत होती. म्हैस चालत आली, थांबली, मान वर केली.

"बरी झाली," ती म्हणाली. "पर शिंगं कोरडी हायत."

"म्हणजे?"

"बाजारात न्यायच्या म्हशीच्या शिंगाला तेल लावतेत. चमकतेत ते उन्हात. कोरडं शिंग म्हंजी कुनाला हौस न्हाई त्या जनावराची."

सुकेशनीचा चेहरा पाहून मला सगळं कळलं. चमक म्हणजे पुन्हा हिशेब. एका चित्राला पाच मिनिटं, आणि झालेली सगळी चित्रं परत. ऐंशी तास. हातात शहाण्णव. मधल्या सोळा तासांत वीज जाऊ शकते, कॉम्प्युटर रुसू शकतो, वैशाख काहीही करू शकतो. कोरड्या शिंगांची फिल्म मात्र दोन दिवसांत, निर्धास्त, पोचली असती. पुण्यातल्या परीक्षकांपैकी कुणी शिंगाला हात लावून पाहणार नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "काय करू?"

मी तिच्या पाठीमागे उभा होतो. एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला सुलाबाई. सवयीनं माझा हात फाइल शोधत होता, पण फाइल पुन्हा स्वयंपाकघरात भाजीच्या पाटीखाली गेली होती. आणि गंमत म्हणजे मला ती नकोच होती. मला उत्तर माहीत होतं. पहिल्यांदाच मला दोन्ही बाजूंनी गुणाकार करावासा वाटला नाही.

"लाव तेल," मी म्हणालो.

त्या साडेतीन दिवसांची कथा सांगण्यासारखी नाही, कारण त्यात काही घडलं नाही. वीज दोनदा गेली, इन्व्हर्टरनं सांभाळलं. प्रोसेसर एकाहत्तरला गेला आणि तिथं शहाण्यासारखा थांबला. त्याच्या डोक्यावरचा पंप कुरकुर न करता फिरत होता. कूलर बालाजी परत घेऊन गेला होता, आणि रेडिएटरपुढे आमचा टेबलफॅन पुरत होता. मुदतीला बारा तास बाकी असताना फिल्म पुण्याला गेली.

हैदराबादच्या स्टुडिओचा फोन दहा दिवसांनी आला, व्हिडिओवर. सुकेशनी टेबलाशी बसली. मी दिसणार नाही अशा बेतानं कपाटाला चिकटून उभा राहिलो. तिकडचे साहेब वयस्कर होते, बोलणं हैदराबादी हिंदीत. फिल्म त्यांनी दोनदा पाहिली होती. म्हैस जवळ येते ते दृश्य त्यांनी मध्येच थांबवलं.

"बेटा, एक बात बताओ. ये भैंस को बेचना तो है नहीं, ये तो घर वापस आ रही. फिर इसके सींगों को तेल कायको?"

सुकेशनी उत्तर जुळवू लागली. तेवढ्यात चहाचा कप ठेवायला आलेली सुलाबाई वाकली आणि तिचं डोकं थेट पडद्यात गेलं.

"घरी येऊ द्या की," ती म्हणाली. "पर बाजारात उभी केली तर शोभली पायजे."

मराठी त्यांना किती कळलं कोण जाणे. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला, टेबलावरची वही पुढे ओढली आणि काहीतरी लिहून घेऊ लागले. सुकेशनी घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी कपाटापासून दूर झालो, दोन पावलं पुढे येऊन तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि तिला हातानंच "थांब" म्हणून सांगितलं. कागदावर लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं आहे, आणि त्यांच्या हाताकडे बघून मला एक गोष्ट निश्चित सांगता येते. नकार एका ओळीत संपतो. हे साहेब पान उलटत होते.